विक्रमांच्या यादीतून मासे वगळावेत का?

प्रश्न: आमचं गळमासेमारी मंडळ विक्रमांची यादी करतंय. धोक्यातल्या जाती सरसकट वगळाव्यात, असा काहींचा आग्रह आहे. तुमचं मत?

उत्तर: सरसकट नको. आधी वजनाचा रकाना काढा. वजनाचा विक्रम म्हणजे मासा काठावर आणून काट्यावर टांगणं आलं. त्यातून कित्येक जातींत सर्वांत वजनदार मासा ही मोठी, वयस्कर मादी असते, आणि दुप्पट वजनाची मादी अनेकदा दुपटीहून जास्त अंडी देते. म्हणजे शाबासकी नेमकी तिलाच मारल्याबद्दल!

हेकरूच्या कुळातला गोलायथ ग्रूपर हा प्रचंड समुद्री मासा घ्या. त्याचा जागतिक विक्रम फ्लोरिडातला, १९६१ चा, ६८० पौंडांचा. तिथे १९९० मध्ये त्याच्या शिकारीवर बंदी आली. आजही मोठा ग्रूपर पाण्याबाहेर काढता येत नाही. मग त्याचं वजन करणार कसं? कायदा मोडून धरलेला मासा आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटना (गळमासेमारीचे जागतिक विक्रम नोंदवणारी) मानतच नाही. याच संघटनेने २०११ पासून लांबीचे विक्रम सुरू केले: ठरलेल्या पट्टीवर मोजा, फोटो काढा, जिवंत सोडा.

तुम्हीही तेच करा. मात्र ज्या जातीची मासेमारी कायद्यानेच बंद आहे, तिला लांबीचाही रकाना नको; नाव यादीत दिसलं की लोक मुद्दाम तिच्यामागे लागतात (आपली जमात मी ओळखून आहे). जुने विक्रम खोडू नका, ‘बंद’ असा शेरा मारून ठेवा. आणि विणीच्या हंगामातली नोंद कुठल्याच जातीची घेऊ नका, मंडळात कितीही कुरकुर झाली तरी.