डोंगरावरचं घर घेण्याआधी एक पावसाळा तिथे काढा

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. उन्हाळ्यात डोंगरावरच्या एका जिल्ह्याच्या गावी राहून आलो आणि गाव मनात भरलं. दरीच्या तोंडावर नव्या इमारतीत फ्लॅट पाहिलाय. एजंट म्हणतो, इथे कचेऱ्या आहेत, कोर्ट आहे, कॉलेज आहे, भाडेकरूंना तोटा नाही. उन्हाळ्याचे चार महिने तुम्ही राहा, बाकीचे भाड्यानं द्या. बयाणा देऊन टाकावा का? — एक वाचक दांपत्य

उत्तर : इतक्यात देऊ नका. तुम्ही ते गाव त्याच्या सगळ्यात देखण्या महिन्यांत पाहिलंय. येत्या पावसाळ्यात तिथे खोली भाड्यानं घ्या, तीही त्याच उतारावर, आणि मग ठरवा.

माझी सगळी नोकरी डोंगरातले रस्ते आणि संरक्षक भिंती बांधण्यात गेली. त्यामुळे घर बघायला गेले की मी खिडकीतून दिसणारी दरी नंतर बघते, आधी इमारतीच्या खालच्या अंगाला उतरते. तुम्हीही उतरा. इमारत डोंगर कापून काढलेल्या घट्ट जमिनीवर आहे की कापलेली माती पुढे ढकलून केलेल्या भरावावर, हे विचारा. अर्धी कापणीवर आणि अर्धी भरावावर असेल तर भरावाकडची बाजू हळूहळू बसते आणि दोन्हींच्या सांध्यावर भिंतीला भेग जाते. एकाच रेषेत वर चढत गेलेला ताजा गिलावा दिसला, दारं चौकटीत अडकू लागली असली, तर तिथून निघा.

संरक्षक भिंतीत खाली ओळीनं भोकं ठेवलेली असतात. भर पावसात त्यातून पाणी वाहायलाच हवं. ती कोरडी आहेत आणि भिंतीला पोट सुटलंय, म्हणजे मागे पाणी तुंबून भिंतीला रेटतंय. हे उन्हाळ्यात कुणालाच कळत नाही, म्हणून पावसाळ्याचा माझा आग्रह.

सांडपाणी कुठे जातं हा प्रश्न एजंटाला अवघड वाटेल, तरी विचारा. गटार नसलेल्या उतारावर शेकडो घरांचे शोषखड्डे बारा महिने जमिनीत पाणी मुरवत असतात. जोशीमठ हे जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं गाव. तिथे भारी बांधकामं आवरा, पाण्याचा निचरा सुधारा, असं सरकारी समितीनं १९७६ मध्येच सांगितलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या शेकडो घरांना भेगा गेल्या आणि माणसांना राहती घरं सोडावी लागली. उलट नैनितालला १८८० च्या दरडीत १५१ माणसं गेली, त्यानंतर तिथल्या डोंगरांवर पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांचं जाळं बांधलं गेलं. अशा गावात घर घेणाऱ्यानं नाल्यावर कुणी खोली चढवलेली नाही ना, हे आपल्या पायांनी चालून बघावं. ते नाले बुजताना मला फार वाईट वाटतं. त्यांच्यावर खालच्या सगळ्या वस्तीचा जीव असतो.

पिण्याच्या पाण्याचं मालकाला विचारू नका, तिथल्या भाडेकरूंना विचारा. डोंगरमाथ्यावरच्या गावाला पाणी बहुधा खालून पंपानं चढवावं लागतं. सिमला तर राज्याची राजधानी, तरी २०१८ च्या मे महिन्यात तिथे नळाला कित्येक दिवस पाणी नव्हतं. ऐन सीझनमध्ये, म्हणजे तुम्ही राहणार नेमक्या त्याच दिवसांत.

आता भाड्याचं. एजंटाचा हिशेब इथे मोडतो. मोठ्या अधिकाऱ्यांना सरकारी बंगले मिळतात. भाड्यानं राहतात ते कारकून, शिक्षक, नवे वकील. बदली होऊन आलेल्या कुटुंबाला मुलांच्या शाळेसाठी अख्खं वर्ष घर हवं असतं. तुमच्यासाठी चार महिने ते रिकामं कोण करून देईल? शिवाय त्यांना दरीचा देखावा नको असतो. कचेरीपर्यंत पायी जाता यावं आणि हिवाळ्यात खोलीत ऊन यावं, एवढंच ते बघतात. उत्तरेकडच्या उतारावर आपल्याकडे हिवाळ्यात ऊन पोचत नाही, भिंती ओल धरतात. गुंतवणूकच करायची तर बाजाराजवळचं, उन्हाच्या बाजूचं जुनं छोटं घर बघा, आणि ते बारा महिन्यांच्या भाडेकरूलाच द्या.

कचेऱ्यांच्या भरवशावरही फार उड्या नकोत. नैनितालचं उच्च न्यायालय हल्द्वानीला हलवायचा निर्णय उत्तराखंडच्या मंत्रिमंडळानं २०२२ मध्ये घेतला. गैरसैण २०२० मध्ये उन्हाळी राजधानी जाहीर झालं, तरी कारभार मुख्यतः देहरादूनहूनच चालतो. पाटी बदलल्यानं गावात पगारदार माणसं येत नाहीत.

शेवटचं, पण बयाण्याच्या आधी करायचं काम म्हणजे तुम्हाला तिथे घर घेता येतं का, हे वकिलाकडून लेखी घेणं. हिमाचलमध्ये १९७२ च्या कायद्याचं कलम ११८ आहे, राज्यातल्या शेतकऱ्याखेरीज कुणालाही जमीन घ्यायला सरकारची परवानगी लागते. मेघालय आणि सिक्कीममध्येही बाहेरच्यांवर कडक बंधनं आहेत. ‘आमच्या माणसाच्या नावावर घेऊ’ असं कुणी सुचवलं तर उठून या. तो बेनामी व्यवहार ठरतो, घर आणि पैसा दोन्ही जातात.

प्रश्न : दोन हजार मीटर उंचीच्या अशाच एका गावी वडिलांना घेऊन आठ दिवस जायचंय. त्यांना दम्याचा त्रास आहे. — एक वाचक

उत्तर : त्यांच्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे एक पंचमांशानं कमी असतो, चढावर धाप लवकर लागते. एक मुक्काम वाटेत करा. खोली गाडीरस्त्याला लागून घ्या, कारण ‘रस्त्यापासून दोन मिनिटं’ म्हणजे तिथे बहुतेकदा शंभर पायऱ्या असतात. आणि जिल्हा रुग्णालय किती लांब आहे हे खोली ठरवण्याआधी बघून ठेवा. कचेऱ्यांच्या गावाचा हा फायदा नक्की आहे, दवाखाना गावातच असतो.