जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच का गळतात?

प्रश्न : गणपतीला लागते म्हणून दारात तांबडी जास्वंद लावली आहे. कळ्या भरपूर धरतात, पण उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात. देठाशी कापसासारखं पांढरं दिसतं, मुंग्याही फिरतात. काय करावं? (निपाणी)

उत्तर : तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो, म्हणून कळी टिकत नाही. त्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो. मुंग्या त्यासाठीच येतात आणि ढेकूण खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. त्यामुळे मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा, नाहीतर फवारणी वाया गेलीच म्हणून समजा.

ढेकणांनी भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोराचा फवारा मारा, पानांच्या खालूनसुद्धा. मग १ लिटर कोमट पाण्यात २ मिली पातळ साबण विरघळवून त्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल घुसळा. साबणाशिवाय तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. फवारणी संध्याकाळीच करावी. अंड्यांवर कापसाचं कवच असतं, एकदा फवारून भागत नाही. दर ७ दिवसांनी तीनदा फवारा.

प्रश्न : कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. शेणखत घालूनही फरक नाही. (अथणी)

उत्तर : ही लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात पानांवर फवारा. आधीच पिवळी पडलेली पानं हिरवी होतीलच असं नाही, नवी पालवी बघा.