शेवटी प्रेम जिंकतं का हो ताई?

प्रश्न : ताई नमस्कार. मी सांगलीत गावभागात राहते, वय 33. आम्ही 2017 ला रजिस्टर लग्न केलं, जात वेगळी. घरी आज सांगू उद्या सांगू करत राहिले आणि तेवढ्यात विवाह नोंदणी ऑफिसच्या बोर्डावर लागलेली आमची नोटीस बाबांच्या ओळखीच्या एकाने वाचली, दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात सगळ्या हळदीवाल्यांना माहीत. बाबा तिथेच दिवाणजी. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. 2019 च्या महापुरात आमचं घर पाण्यात गेलं, आठ महिन्यांची पोर घेऊन शाळेतल्या छावणीत होतो, माहेर उंचावर, तिथं पाणी नव्हतं, तरी बाबांनी या म्हटलं नाही. आईने शेजारच्या मुलाकडून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवली, ती पण चोरून. नवरा चांगलाय, सासूबाई जीव लावतात, तशी तक्रार काही नाही. पण लेक आता पहिलीत आहे आणि विचारते आजोबा कुठं असतात. सगळे म्हणतात धीर धर, शेवटी प्रेमच जिंकतं. खरंच जिंकतं का?

उत्तर : अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा भाकरीपाशी थांबले.

ते दिवस आठव. यार्ड बंद, पेठेत पाणी, म्हणजे तुझे बाबा दिवसभर घरातच असणार. घरात कुणी भाकरी थापली तर आवाज होतो, दाणे भाजले तर वास सुटतो, आणि पोराच्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं दिलं तर दारातूनच द्यावं लागतं. आईने चोरून पाठवलं असं तू म्हणतेस, पण मला नाही वाटत त्यांना कळलं नसेल. त्यांनी या म्हटलं नाही हे वाईटच, लेकरू पाण्यात असताना असं वागणं मला पटत नाही, पण ते गाठोडं अडवलंही नाही. माझा अंदाज चुकीचा असेल, तू आईला एकदा विचार.

आता दुसरी गोष्ट, जरा कडू आहे. बाबांना जात टोचली हे खरंच आहे, त्याला मी पांघरूण घालणार नाही, आणि लग्नाबद्दल तू आयुष्यात कधी माफी मागू नकोस. पण नोटीसपण टोचली असेल ना? 1954 च्या विशेष विवाह कायद्यात नोटीस 30 दिवस बोर्डावर राहते, कुणीही वाचू शकतं, आणि त्या 30 दिवसांत तू बाबांना एकदाही सांगितलं नाहीस. भीती होती, कळतं मला, कितीतरी मुलींना घरी सांगितल्यावर कोंडून घातलंय, म्हणून ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांनी न सांगणंच बरोबर. तुझ्या घरी तसं होतं का हे तुलाच माहीत. नव्हतं, तर ही एक गोष्ट बोलण्यासारखी आहे. माणूस लेकीच्या लग्नाचं चार हळदवाल्यांच्या तोंडून ऐकतो तेव्हा त्याला काय वाटलं असेल, एवढंच लिही. फोन नको, फोनवर आवाज चढतो. पोस्टकार्ड नाहीतर साधा कागद, आठ-दहा ओळी, त्यात "नातीसाठी तरी या" हे अजिबात घालू नकोस. लेकीला मध्ये घेऊ नकोस. तिने विचारलं तर सरळ सांग, आजोबा विश्रामबागला असतात की कुठं असतील तिथं, आणि ते आईवर रुसलेत. मुलांना रुसणं कळतं.

आणि जिंकतं का, तर मी तुला खोटं सांगणार नाही. माझी आत्या, रहिमतपूरकडची, तिनेही असंच लग्न केलं, ती दर दिवाळीला साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आजोबांकडे यायची आणि सोप्यातूनच परत जायची. आजी ते पेढे देवापुढे ठेवायची, आम्ही पोरं खायचो, आजोबांनी 14 वर्षांत एक पेढा तोंडात घातला नाही. गेले ते तसेच. म्हणजे तिथं नाहीच जिंकलं. पण आत्या आणि तिचे मिस्टर आता सत्तरीपुढचे आहेत, पिठाची गिरणी दोघांनी मिळून चालवली, अजूनही चहा झाला की ते आधी तिच्या बशीत ओततात, गार झालाय का ते बघतात, मग देतात. आजोबा आले नाहीत म्हणून हे लग्न हरलं असं म्हणायचं का?

शेजारच्या सातारा जिल्ह्याचं बघ. सावित्रीबाई नायगावच्या, खंडाळा तालुका. 1849 ला सासरे गोविंदराव यांनी समाजाच्या दबावापुढे झुकून दोघांना घराबाहेर काढलं. 1856 ला आजारपणात त्या माहेरी होत्या, तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलंय, त्यात भावाने कसं सुनावलं ते आहे, तुम्ही अस्पृश्य मानलेल्यांसाठी काम करता म्हणून वाळीत टाकलं ते बरोबरच झालं असं. त्या गप्प बसल्या नाहीत, समजावलं, आणि शेवटी भावाला आपली चूक कळली असं त्या लिहितात. भाऊ वळला. पण 1890 ला जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलगा यशवंतच्या हक्कावरून नातेवाईक आडवे आलेच, आणि सावित्रीबाईंनी टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं मडकं, स्वतःच्या हातात धरलं. एकाच घराण्यात कुणी वळलं, कुणी शेवटपर्यंत नाही, आणि त्या दोघांनी त्यासाठी शाळा थांबवल्या नाहीत ना? तू पण पत्र लिहून टाक आणि मग उत्तराची वाट बघत संसार अर्धवट जगू नकोस. महापुरानंतर घर परत उभं केलंत ना दोघांनी, चिखल काढलात, गाद्या वाळवल्या, तो हिशोब बाबांच्या हिशोबात मिसळू नकोस. आईला मात्र दर आठवड्याला फोन कर, चोरून असला तरी.

प्रश्न : मी कराडचा, वय 23. क्लासमधली एक मुलगी आवडते, तीन वर्षं झाली. तिने दोनदा नाही म्हटलं, आता ब्लॉक केलंय. मी रोज तिच्या क्लासच्या वाटेवर उभा राहतो, बोलत नाही काही, फक्त दिसावी म्हणून. चिकाटी ठेवली तर प्रेम जिंकतंच ना?

उत्तर : नाही रे बाबा. दोनदा नाही आणि वर ब्लॉक, म्हणजे उत्तर आलेलं आहे. तू याला चिकाटी म्हणतोस, पण तिला रोज ती वाट चालताना पोटात गोळा येत असेल, वाट बदलावी का, भावाला सांगावं का, क्लासच सोडावा का, हे तिच्या डोक्यात. नाही म्हटल्यावरही मुलीचा पाठलाग करत राहणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं 78 वं कलम, पण मला तुला पोलिसाची भीती नाही घालायची, तिच्या त्या गोळ्याची जाणीव द्यायचीय. तुझं दुःख खरं आहे, तीन वर्षं काही थोडी नाहीत, रडू आलं तर रड. तिचा नंबर, फोटो सगळं काढून टाक, आजपासून ती वाट बंद, आणि आज संध्याकाळी एखाद्या जवळच्या मित्राला घेऊन प्रीतिसंगमावर जा, त्याला सगळं सांग.