‘किरकोळ’ दुखापतीतले लांबलचक दिवस
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : मी साताऱ्यात राहते. वय 60. दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले. पहाटे मैत्रिणींबरोबर अजिंक्यताऱ्यावर चालायला जाण्याचा माझा अनेक वर्षांचा नेम आहे. श्रावणातल्या एका सकाळी उतरताना शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरला आणि उजव्या घोट्याच्या बाहेरच्या हाडाला बारीक चीर गेली. चार आठवडे प्लास्टर आहे आणि तोपर्यंत पायावर भार टाकायचा नाही. ‘किरकोळ आहे, थोडक्यात निभावले,’ असे डॉक्टर म्हणाले आणि ते मला पटतेही. तरीही तिसऱ्या दिवसापासून मन उदास आहे. खिडकीतून समोर किल्ला दिसतो, तो पाहवत नाही. गौरी-गणपती तोंडावर आले आहेत. सूनबाई सगळे मनापासून करते, पण तिचे आवरणे पाहून बरे वाटण्याऐवजी माझी चिडचिड होते. भेटायला येणाऱ्यांचा वेगळाच ताप. कासचा फुलांचा हंगामही यंदा चुकणार. एवढ्याशा दुखण्याने खचले याची लाज वाटते. आनंदी कसे राहावे?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार. प्रथम त्या लाजेविषयी लिहिते, कारण तुमच्या पत्रात घोट्यापेक्षा तीच जास्त ठणकते आहे. डॉक्टरांनी ‘किरकोळ’ म्हटले ते क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या हाडाकडे पाहून. त्या चित्रात तुमची पहाट, गडावरच्या गप्पा, परतल्यावरचा चहा आणि त्या चहानंतर सुरू होणारा सगळा दिवस दिसत नाही. नोकरी संपल्यावर दिवसाला जो आकार तुम्ही स्वतः दिला होता, त्याची पहिली गाठ पहाटेच्या चालण्याची होती आणि तीच सुटली आहे. वाईट वाटते ते याचे, आणि त्यात खचण्यासारखा दुबळेपणा मला दिसत नाही. म्हणून ‘आनंदी राहायचे’ असा निश्चय करून हसतमुख बसण्याचा प्रयत्न तूर्त सोडून द्या. तसे हसणे घरच्यांना लगेच ओळखू येते आणि आपल्यालाही दमवते.

दिवसाची ती पहिली गाठ पुन्हा बांधता येते का, ते पाहू. पहाटे उठण्याची वेळ बदलू नका. उशिरापर्यंत लोळणे आणि दुपारी दोन तास झोपणे यांमुळे रात्रीची झोप उडते. झोप अपुरी झाली की तेवढेच दुखणे अधिक जाणवते, आणि दुखले की पुन्हा झोप येत नाही. उठल्यावर तोंड धुऊन, केस विंचरून, घरातलीच पण स्वच्छ साडी नेसून खिडकीशी खुर्चीत बसा, पाय समोरच्या स्टुलावर उशी ठेवून उंच घ्या. मैत्रिणी गडावर निघण्याच्या वेळी तुमचा व्यायाम सुरू झाला पाहिजे. डॉक्टरांची हरकत नसेल तर पायाची बोटे हलवणे, गुडघा सरळ ठेवून मांडीचा स्नायू पाच सेकंद आवळून सोडणे, दुसरा पाय आणि दोन्ही हात मोकळे करणे एवढे बसल्या जागी जमते. याने सूज उतरायला आणि मांडी अगदीच रोडावू न देण्याला मदत होते. माझ्या मते मात्र त्याचा खरा फायदा असा की, सकाळी सहाला तुम्ही काहीतरी करत असता.

किल्ला पाहवत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. खिडकीला पडदा लावा असे मी सांगणार नाही. साताऱ्यात कोणकोणत्या खिडक्यांना पडदे लावणार! उलट मैत्रिणींना रोज एक काम द्या. चार भिंती स्मारकापाशी आज काय फुलले आहे, मंगळाईच्या देवळाच्या वाटेवर धुके किती होते, कोण आले नाही, एवढे त्यांनी परतताना फोनवर सांगायचे. ‘कशी आहेस?’ या प्रश्नाला रोज नवे उत्तर कुठून आणणार? त्यापेक्षा तुमच्या जुन्या गप्पांत तुमची जागा राखली गेलेली बरी.

भेटायला येणाऱ्यांविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडे आजाऱ्याला भेटणे हे कर्तव्य असते आणि कर्तव्य बजावणारा माणूस क्वचितच थोडक्यात उठतो. बिस्किटांचा पुडा आणि शहाळे ठेवून तो आपल्या मावशीच्या पायाची कथा सुरू करतो, आणि त्या कथेतला पाय कधीच धड जुळलेला नसतो. काही वर्षांपूर्वी माझा पाय प्लास्टरात असताना एका दुपारी अशा तीन कथा ऐकून मी संध्याकाळी घरच्यांवर विनाकारण ओरडले होते. तेव्हा भेटीची वेळ ठरवून टाका. दुपारी चार ते साडेपाच असे मुलाने सर्वांना कळवले तर कोणी रागावत नाही. आलेल्या माणसाला वर्तमानपत्रातला एखादा लेख मोठ्याने वाचायला सांगा, नाहीतर पत्त्यांचा डाव मांडा; मावशीचा पाय आपोआप मागे पडतो. मात्र कोणी तेल चोळायला किंवा हाड बसवणाऱ्याकडे न्यायला सांगितले, तर त्या एका बाबतीत भिडस्तपणा करू नका. चीर गेलेल्या हाडाला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधा धरत असतो, तो पुढे हळूहळू कठीण होतो आणि हाड पूर्ववत घडायला त्यानंतरही काही महिने जातात. या काळात रगडणे म्हणजे ओल्या गिलाव्यावर हात फिरवणे. वरून काही दिसत नसले तरी आत हे काम रोज चालू असते, हे मला त्या दिवसांत फार आधाराचे वाटले होते.

आता सूनबाईंविषयी. तुमची चिडचिड त्यांच्यावर नाही. आपल्यावाचून घर चालते आहे, हे पाहण्याची ती चिडचिड आहे, आणि बहुतेक कर्त्या बायकांना ती होते. त्यावर ‘तुम्ही फक्त आराम करा’ हा उपाय नाही. घराला खरोखर गरज असलेले आणि बसून होणारे काम तुमच्या वाट्याला यायला हवे. गौरी-गणपतीच्या दिवसांत अशा कामांना तोटा नसतो : कापसाची वस्त्रे, फुलवाती, दूर्वांच्या जुड्या, आवतणांची यादी, वाघ्या घेवडा निवडणे, भाजी निवडणे. गौरी उभ्या करणे, मखर बांधणे, मोदकांची उकड हे यंदा सूनबाईंचे. त्यांना कामाची वाटणी स्पष्ट शब्दांत सांगा, आणि एकदा सांगितल्यावर खुर्चीतून हळदीकुंकवाच्या तबकापर्यंतच्या सूचना देऊ नका. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, हे मी जाणून आहे.

कासच्या बाबतीत खोटा दिलासा देत नाही. प्लास्टर निघाले तरी पठारावरच्या ओल्या, निसरड्या कातळावर नुकत्याच जुळलेल्या घोट्याने जाणे शहाणपणाचे नाही, आणि यंदाचा सप्टेंबर बहुधा हुकेल. त्याचे वाईट वाटू द्या. मात्र मागच्या हंगामांची छायाचित्रे तुमच्या फोनमध्ये नावगाव न लिहिता पडून असतील, असा माझा अंदाज आहे. सीतेची आसवे, तेरडा, सोनकी, गेंद असे वेगवेगळे गट करून नावे आणि तारखा लिहायला घेतल्या तर आठवडा सहज जाईल. त्यांत वायतुरा सापडला तर त्याचे शास्त्रीय नाव जरूर पाहा. ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’ या नावात तुमचेच गाव आहे.

आहाराचे फारसे सांगायला नको. दूध-दही, डाळी, नाचणी, अंगावर थोडे ऊन पुरे. घरात कोणाला मिश्रीची सवय असेल तर तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो, एवढे लक्षात असू द्या.

पोटरी अचानक सुजली व दुखू लागली, बोटे निळसर किंवा बधिर झाली, दम लागला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. मनाच्या बाबतीतही एक खूण सांगते. सलग दोन आठवडे कशातच रस वाटेनासा झाला, भूक-झोप गेली किंवा जगणे नकोसे वाटले, तर ती केवळ प्लास्टरची उदासी समजू नका आणि डॉक्टरांशी बोला. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेवर 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही.

प्रश्न : आमचा अकरा वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला आणि त्याचे उजवे मनगट प्लास्टरात आहे. तो दिवसभर किरकिरतो, खाज सुटते म्हणून प्लास्टरमध्ये पट्टी घालतो. त्याला कसे रमवावे?
— एक आई, सांगली

उत्तर : पट्टी, पेन्सिल, विणकामाची सुई यांतले काहीही आत जाऊ देऊ नका, कातडी खरचटली तर आत जखम चिघळते आणि बाहेरून कळतही नाही. प्लास्टरवर हलके टिचकी मारणे किंवा केस वाळवण्याच्या यंत्राची थंड हवा सोडणे पुरते. रमवण्यासाठी डाव्या हाताला कामाला लावा. डाव्या हाताने कॅरम खेळणे, सही शिकणे, भडंगाला लसूण सोलणे हे त्याला जमणार नाही म्हणूनच आवडेल. मित्रांना घरी येऊ द्या आणि प्लास्टरवर चित्रे काढू द्या. घरातल्या प्रत्येकाने ‘सावकाश, सावकाश’ म्हणणे तेवढे थांबवा, एकानेच म्हणावे. लहान मुलांची हाडे मोठ्यांपेक्षा लवकर जुळतात, तेव्हा त्याला कॅलेंडरवर रोज एक चौकोन खोडू द्या. आणि प्लास्टर कापल्यावर हात बारीक, फिकट आणि कोरड्या कातडीचा दिसेल, हे त्याला आधीच सांगून ठेवा. नाहीतर तो आपला हात पाहूनच घाबरेल.