पहिल्यांदा वारीला येणाऱ्या पोरा, तुझ्यासाठी

वारीसाठी आखलेलं तुझं वेळापत्रक वाचलं, नव्या नोकरीच्या उत्तराची वाट बघतोयस तेही कळलं. भवानी पेठेतून किती वाजता निघायचं, दिवे घाट किती वाजता चढायचा, सासवडला जेवण कधी... मिनिटं कशाला लिहिलीस रे? (आयटीवाला दिसतोस.)

आळंदीत ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान असतं, पण देवळाचा कळस हलला की मगच माऊलींची आज्ञा झाली असं आपण मानतो. तोवर हजारो माणसं माना वर करून उभी असतात. घड्याळाकडे कुणी बघत नाही.

पहिल्या वर्षी मीही सगळं आखून निघालो होतो. हडपसरलाच पाय मुरगळला. रस्त्याकडेला रडत बसलो, तेव्हा एका आजीनं तेल चोळलं, म्हणाली, "माऊली, आमच्यासंगं हळूहळू चला." तीच आज माझी दिंडी. ठरवून काही ती सापडली नसती.

म्हणून गोळ्या, रेनकोट, जुनी, पायात रुळलेली चप्पल घे. हे तुझं काम, देवावर ढकलू नकोस. रजा मात्र दोन दिवस जास्त टाक. आणि नोकरीचं उत्तर आलं का म्हणून घाटात सारखा फोन काढू नकोस, तिथं टाळ धरायला दोन्ही हात लागतात.