'मात दिली' नव्हे हो, 'मात केली'!

प्रश्न आला आहे तो असा: "१९९७च्या कास्पारोव्ह विरुद्ध डीप ब्लू सामन्यावरचा एक मराठी व्हिडिओ पाहिला. त्यात निवेदक म्हणतो, 'संगणकाने जगज्जेत्याला मात दिली.' मात देणे बरोबर की मात करणे? आणि एवढ्या मोठ्या खेळाडूबद्दल 'मात' हा शब्द थोडा अपमानाचा वाटत नाही का?"

पहिल्याचं उत्तर एका ओळीचं. मराठीत शह देतात आणि मात करतात. 'मात दिली' ही हिंदीतल्या 'मात दी'ची नक्कल आहे. आपल्याकडे माणूस आजारावर मात करतो, परिस्थितीवर मात करतो. "तुझ्या आजोबांनी टायफॉइडला मात दिली" असं म्हणणारी आजी मला तरी अजून भेटलेली नाही. खेळाच्या बातम्या लिहिणारे मात्र हे रोज लिहितात, आणि उद्या तेच 'शिकस्त दिली' लिहितील ही भीती मला आहे. शिकस्त म्हणजे फारसीत मोडतोड, पराभव. हिंदीने त्यातला पराभव घेतला. मराठीने त्याच शब्दातून 'प्रयत्नांची शिकस्त' काढली, म्हणजे स्वतः मोडेपर्यंत केलेली धडपड. असला दागिना घरात असताना शेजारच्यांचा कशाला मागायचा?

असो. मात म्हणजे पराभव, हा अर्थ शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, तो सोडून देऊ. ज्ञानेश्वरीतली 'मातु' म्हणजे गोष्ट, वार्ता. ती कन्नड 'मातु'च्या गोत्रातली, तिचा इथे संबंध नाही. उन्मत्त होणे या अर्थाचं मातणे तर संस्कृत 'मत्त'कडून आलेलं, त्याचाही नाही. आपली मात आली ती फारसी 'शाह मात'मधून, आणि इथेच माझं डोकं फिरतं. कारण कुठलंही पुस्तक उघडा, कुठल्याही बुद्धिबळ शिकवणाऱ्या सरांना विचारा, छापील उत्तर तयार असतं: शाह मात म्हणजे राजा मेला.

अहो, कुठे मेला? बुद्धिबळात राजा मरतो का कधी? प्यादी मरतात, उंट मरतो, घोडा, हत्ती, एवढा मोठा वजीरसुद्धा मरून डब्यात जाऊन पडतो. राजा शेवटच्या चालीपर्यंत पटावर उभा असतो. त्याला फक्त जायला घर उरत नाही. 'राजा मेला'वाल्यांची सगळी भिस्त अरबी 'माता' या क्रियापदावर, त्याचा अर्थ 'तो मेला'. पण खेळ अरबांकडे आला इराणातून, आणि शाह हा शब्द बोलूनचालून फारसी. फारसी माणसाला 'मेला' म्हणायचं असतं तर त्याच्याजवळ स्वतःचा शब्द होता, ज्याचं खानदान आपल्याकडे मुर्दा आणि मुर्दाड म्हणून नांदतं आहे. तो 'शाह मुर्द' म्हणाला असता. तो म्हणाला 'मात'. आजही फारसीत मात म्हणजे हतबुद्ध, थक्क, काही सुचेनासा झालेला. 'मात-ओ-मबहूत' अशी जोडीच आहे, आपल्या 'आश्चर्यचकित'सारखी रोजच्या वापरातली. न्हाणीघराला लावतात ती धुरकट, पलीकडचं दिसू न देणारी काच, तिलाही तिथे मातच म्हणतात. अरबांनी तो शब्द ऐकला, तो त्यांच्या 'मेला'सारखा वाटला, आणि त्यांच्यामार्फत युरोपात राजाचं प्रेत पोहोचलं. काही जाडे कोश अजून ते प्रेत सांभाळून बसले आहेत. त्यांना ते लखलाभ. माझ्या लेखी शाह मात म्हणजे राजाला काही सुचेना.

आणि शह? तो तर नुसता 'शाह'. राजावर हल्ला झाला की प्रतिस्पर्ध्याने तोंडाने म्हणायचं, "शाह!" म्हणजे "महाराज, सांभाळा!" घाव घालताना केलेलं हे आदराचं संबोधन आहे. आपल्या राजकारणातल्या शह-काटशहांमध्ये कोण कोणाला महाराज म्हणतं ते सोडा. इंग्रजीतला चेक, इतकंच काय, बँकेतला चेकसुद्धा याच शाहचा वंशज.

आता कास्पारोव्ह. तारीख ४ मे १९९७, गाव न्यूयॉर्क, सामन्याचा दुसरा डाव. पहिला डाव त्याने आदल्या दिवशी जिंकला होता. डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणारं यंत्र. पण या डावात ३६व्या-३७व्या चालीच्या सुमारास त्याने आयतं मिळणारं सोडून शांतपणे पट आवळत नेला, अगदी एखाद्या मुरलेल्या माणसासारखा. कास्पारोव्हला ते यंत्राचं वाटेना. ४५व्या चालीवर त्याने डाव सोडला. दुसऱ्या दिवशी विश्लेषक त्याच स्थितीत एक वाट दाखवू लागले: वजिराने शहामागून शह देत राहायचं आणि डाव बरोबरीत न्यायचा. त्या वाटेवर नंतर पुष्कळ काथ्याकूट झाला, पण मुद्दा तो नाही. कास्पारोव्हने ती शोधलीच नाही. यंत्राने एवढं केलंय म्हणजे ही फट त्याने बुजवलेलीच असणार, असं त्याने धरून चालवलं. जन्मभर ज्याने कुणाला जास्तीचं मोजलं नाही, त्याने एका कपाटाला मोजलं. राजा मेला नव्हता. राजाला सुचेना झालं होतं. ही मात नाही तर काय? निवेदकाला यातलं काही ठाऊक असेल असं वाटत नाही, शब्द मात्र आंधळ्याने मारलेल्या दगडासारखा बरोबर लागला.

दुसरं उदाहरण याहून गोड. नोव्हेंबर २००६, बॉन, क्राम्निक विरुद्ध डीप फ्रिट्झ हा बुद्धिबळ खेळणारा संगणक, पुन्हा दुसराच डाव. क्राम्निक तेव्हा जगज्जेता. ३४व्या चालीला त्याने वजीर खेळला, निवांत उठला आणि विश्रांतीच्या खोलीकडे निघाला. पट एका चालीत मात होण्याच्या स्थितीत होता. यंत्राच्या वतीने सोंगट्या हलवणाऱ्या माणसाचा स्वतःच्या पडद्यावर विश्वास बसेना. मग त्याने वजीर उचलून एच-७ या घरावर ठेवला. क्राम्निकचा हात कपाळाला गेला. जगज्जेत्यांच्या पातळीवर पटावर खरीखुरी मात दिसणं दुर्मीळच. तिथे लोक कितीतरी आधी डाव सोडतात. तेव्हा इथे 'मात केली' अक्षरशः लिहावं, 'ला' काढून 'वर' लावून.

हां, अपमानाचं विचारलं होतंत. तर मात या शब्दात अपमान नाही, पण मातेला पायऱ्या आहेत. जुन्या देशी बुद्धिबळात प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही करणाऱ्याची शान आणि होणाऱ्याची मानहानी. मानी खेळाडू तिथवर थांबतच नाही. तो हात पुढे करतो. डाव सोडण्यात समोरच्याचा मान असतो: "उरलेलं तुम्हाला जमणार हे मला ठाऊक आहे, उगाच करून दाखवायला लावत नाही." यंत्रासमोर हा शिष्टाचार लंगडा पडतो. पहिल्या डावात डीप ब्लू हरत होतं तेव्हा डाव सोडण्याचं काम त्याच्या चमूतल्या माणसांनीच केलं. यंत्राला त्याची काय पडली होती!

माझा बारा वर्षांचा भाचा फोनवर बुद्धिबळ खेळतो. घरी माझ्याशी खेळताना हत्ती गेला की मुकाट्याने राजा आडवा करतो. फोनशी खेळताना मात्र राजा आणि एक प्यादं उरलं तरी सोडत नाही, शेवटच्या घरापर्यंत पळत राहतो. मी म्हटलं, "अरे, सोड की आता." तर म्हणतो, "मामा, त्याला कुठे कंटाळा येतो?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मग मोबाइल आपटून म्हणाला, "दिली साल्याने मात." मी 'केली' म्हणालो. 'साल्याने' सुधारायचं राहून गेलं.

त्याच व्हिडिओखाली उमटणाऱ्या ओळींत (सबटायटल्समध्ये) 'कास्पारोव्हने राजीनामा दिला' असंही येत होतं म्हणे. ते इंग्रजी 'रिझाइन'चं यंत्राने केलेलं भाषांतर असणार, आणि राजीनाम्याची कथा फार लांब आहे. राजी अधिक नामा, म्हणजे मुळात संमतिपत्र. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा राजीनामा द्यायचा आणि घेणारा कबुलायत, तिथून तो नोकरी सोडण्यापर्यंत आला. हिंदीत राज़ीनामा अजून समेटच आहे. पटावर कोणी राजीनामा देत नाही. तिथे डाव सोडतात किंवा पराभव मान्य करतात.

आणि तुमच्या निवेदकाचं वाक्य दुरुस्त करायला घेतलं तर आणखी एक अडचण निघते. त्या सामन्यात सहा डाव झाले, निकाल साडेतीन-अडीच. पहिला यंत्राच्या माणसांनी सोडला, दुसरा कास्पारोव्हने सोडला, पुढचे तीन बरोबरीत सुटले, आणि ११ मे रोजी सहाव्यात कास्पारोव्ह अवघ्या १९ चालींत उठला. सहांपैकी एकाही डावात पटावर मात झाली नाही. आलंकारिक म्हणून 'डीप ब्लूने कास्पारोव्हवर मात केली' खुशाल लिहा. 'मात दिली' लिहिलंत तर ती न झालेलीही, आणि वर न दिलेलीही.