मराठवाड्याच्या उन्हात बिअर बनवायला यीस्ट कोणतं घ्यावं?
भावा, परवान्याचं आधी बघ, मग यीस्टचं. सुरुवात सुक्या यीस्टनंच कर. लातूर-परभणीकडं मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो; कुरियरमध्ये तापलेल्या द्रव यीस्टच्या पेशी झपाट्यानं मरतात, आंबायला उशीर होतो आणि तेवढ्यात नको ते जंतू घुसतात. सुक्याचं 11.5 ग्रॅमचं पाकीट 20 लिटर साध्या एलला (एल म्हणजे बिअरचा एक प्रकार) पुरतं, स्टार्टर (यीस्ट आधी वेगळं वाढवून घेणं) लागत नाही. वर्ट (माल्टचं उकळलेलं गोड पाणी) थंड होऊन 20 अंशांवर आल्यावरच यीस्ट टाक.

खरी लढाई पुढं आहे. आंबताना आतलं तापमान खोलीपेक्षा 3-5 अंश चढतं आणि बऱ्याच एल यीस्टना 25 च्या पुढं थिनरसारखा वास सुटतो. म्हणून पहिले तीन दिवस डबा पाण्याच्या टबात ठेव, गोठवलेल्या बाटल्या बदलत राहा.

द्रव यीस्ट खास बेल्जियन चवीसाठी, तेही डिसेंबर-जानेवारीतच मागव.